स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, ॲरिपिप्राझोल की क्लोझापिन?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातला. धाकटा भाऊ, वय २४, आयटीआय वेल्डर झालेला. गेल्या दिवाळीच्या आसपास त्याचं बोलणं कमी झालं. मग शेजारचे आपल्या घरावर करणी करायलेत असं म्हणायला लागला, रात्री माळवदावर जाऊन कुणाशी तरी भांडायचा. नातेवाइकांनी आधी सैलानीला न्यायला लावलं, तिथून आल्यावर दवाखाना. स्किझोफ्रेनिया म्हणाले. रिस्पेरिडोन चालू झाली, आवाज बंद झाले, करणीचं बोलणंही थांबलं.

पण आता पोरगा लाकडासारखा झालाय. चालताना हात हलत नाहीत, चहाचा कप धरला की बोटं थरथरतात, चेहऱ्यावर ना हसू ना राग. डॉक्टर म्हणतात गोळी बदलून बघू, ओलान्झापिन किंवा ॲरिपिप्राझोल. गावात एकाचा पोरगा क्लोझापिनवर आहे. तो म्हणतो तीच सगळ्यात भारी, सरळ तीच मागा. ओपीडीत मागं रांग असते, सविस्तर विचारायला होत नाही. ज्यांनी ह्या गोळ्या घेतल्यात किंवा घरात दिल्यात त्यांनी सांगा, फरक नेमका काय असतो?

अण्णा_उदगीरकर

सगळ्या झोपेच्याच गोळ्या आहेत हो. कंपनी बदलली की नाव बदलतं. पोराला शेतावर न्या, कामाला लावा, ब्राह्मीचं तेल डोक्याला लावा. आमच्या काळात असले आजार नव्हते.

ज्वारीचं_कणीस

अण्णा, तुमच्या काळात आजार होते, माणसं साखळीनं बांधलेली असायची. आमच्या आजोळी एक होता, गोठ्यातच राहायचा. असो, धाग्याचा विषय तो नाही.

डॉ_पळस

मी मानसोपचारतज्ज्ञ, मराठवाड्यातच असतो. नाव नको. पेशंट न बघता डोस सांगणार नाही. पण 'सगळ्यात भारी गोळी कोणती' ह्याचं उत्तर आहे, आणि ते ऐकून बरेच जण नाराज होतात.

पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर ह्या डॉक्टरांनी ते रुग्णांवर वापरलं. १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. तेव्हापासून आजवरची जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन ह्या रसायनाच्या डी-२ रिसेप्टरवरच, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या जागेवरच, काम करतात. साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की भास आणि संशय ओसरायला लागतात. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हातपाय आखडणं, कंप, चेहरा निर्विकार होणं सुरू होतं. मधली जागा अरुंद आहे. मांजराकाठ, तुमच्या भावाचं वर्णन वाचून मला हेच वाटलं, म्हणजे आजार वाढलेला नाही, औषध त्या रेषेच्या पुढं गेलंय. रिस्पेरिडोन ६ मिलिग्रॅमच्या वर गेली की हा त्रास वाढतो, काहींना त्याच्या आतही होतो. म्हणून गोळी बदलण्याआधी 'डोस कमी करून चालेल का' एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तुलना. २०१९ साली लॅन्सेटमध्ये एक मोठं विश्लेषण आलं, ३२ औषधं, ४०२ अभ्यास, ५३,४६३ रुग्ण. भास-भ्रम कमी करण्याच्या बाबतीत क्लोझापिन, अमिसल्प्राइड, ओलान्झापिन आणि रिस्पेरिडोन थोड्या पुढं निघाल्या. पण बहुतेक औषधांमधला फरक किरकोळ. दुष्परिणामांमधला फरक मात्र जमीन-अस्मानाचा. कुणाला कोणता त्रास परवडतो, ह्यावर आम्ही गोळी निवडतो. 'भारी' हा शब्द आमच्या कामाचा नाही.

त्याआधी २००५ साली अमेरिकेतल्या कॅटी नावाच्या अभ्यासाचे निकाल आले होते, त्यात १,४९३ रुग्ण. १८ महिन्यांत ७४ टक्के लोकांनी दिलेलं औषध सोडलं किंवा बदललं. ओलान्झापिनवाले त्यातल्या त्यात टिकले, त्यांच्यात सोडणारे ६४ टक्के. पण वजनही त्यांचंच सगळ्यात जास्त वाढलं. आणि गंमत म्हणजे परफेनाझिन हे जुनं स्वस्त औषध बाकीच्या महागड्या नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरलं.

मांजराकाठ

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. एक विचारतो. घरात वजन वाढणं कुणाला दुष्परिणाम वाटतच नाही. मावशीच्या सुनेला ओलान्झापिन आहे, ती अंगानं भरली तर सगळे म्हणायलेत तब्येत सुधारली, गोळी मानवली.

डॉ_पळस

हे मी रोज ऐकतो. वाळलेला पेशंट गुबगुबीत झाला की आई खूश. पण पोटाचा घेर वाढतो, मग साखर, मग चरबी. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ह्या बाबतीत सगळ्यात वाईट, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधल्या, ॲरिपिप्राझोल आणि लुरासिडोन बऱ्या. सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) लिहून ठेवावं, तीन महिन्यांनी परत बघावं. काहींना सोबत मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी द्यावी लागते. घरात आधीच मधुमेह असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा.

मेडिकलवाला

तालुक्याच्या गावी दुकान आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, स्ट्रिपवर नावापुढं 'प्लस' लिहिलंय का बघा. रिस्पेरिडोनसोबत ट्रायहेक्सिफेनिडिल घातलेल्या जोडगोळ्या बाजारात भरपूर चालतात. आखडणं कमी व्हावं म्हणून ती दुसरी गोळी असते. तुमच्या भावाला साधी चालू असेल तर डॉक्टर ती वेगळी देऊ शकतात. जोड चालू असूनही आखडत असेल तर तेही सांगा. आणि ही ट्रायहेक्सिफेनिडिल नशेसाठी मागणारी पोरं माझ्याकडं येतात, म्हणून घरात मोजून ठेवा.

दोन, लोक पंधरा दिवसांच्या ऐवजी पाच गोळ्या कापून मागतात. पैसे नसतात, मला कळतं. पण त्या पाच संपल्या की माणूस थेट पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो. मधले दिवस कोरडे. जनऔषधी केंद्रात विचारा, तिथं ओलान्झापिन, रिस्पेरिडोन फार स्वस्त पडतात. सरकारी रुग्णालयात तर फुकट असतात, साठा असेल तेव्हा.

गोदावरीची_लेक

इथं सगळे घरचे लोक लिहायलेत, म्हणून मी लिहिते. मी स्वतः गोळ्या खाते. नांदेड जिल्हा, दोन लेकरं, शिवणकाम करते.

मला पहिली रिस्पेरिडोनच होती. कानातले आवाज गेले, खरंच गेले, त्याबद्दल मी कधीच वाईट बोलणार नाही. पण पाळी थांबली. सासूबाईंना वाटलं गोड बातमी आहे, त्यांनी शेजारणीला सांगूनही टाकलं. मग छातीतून दूध यायला लागलं तेव्हा मी घाबरले. बाईंच्या दवाखान्यात तपासणी झाली, गर्भ नाही. त्यांनीही आधी विचारलं नाही की कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि मीही सांगितलं नाही, कारण सासरच्या गावात कुणाला माहीत व्हायला नको होतं. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, तपासलं, ते चढलेलं निघालं.

मग ॲरिपिप्राझोल. पाळी सुरू झाली, वजन उतरलं. पण पहिल्या महिन्यात मला बसवत नव्हतं. जावेकडं हळदीकुंकवाला गेले तर वाण घ्यायला बसायचं होईना, ओसरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून ओसरी. पायात काहीतरी वळवळतंय असं वाटायचं. बायका म्हणाल्या परत सुरू झालं हिचं. नवराही म्हणाला डोस वाढवून घेऊ. नशीब, डॉक्टरांनी मला विचारलं, 'मनात बेचैनी आहे की पायात?' मी म्हटलं पायात. त्यांनी डोस कमी केला, प्रोप्रानोलॉल दिली, काही आठवड्यांत बसायला लागले. त्या वेळी डोस वाढवला असता तर मी गोळी फेकलीच असती.

डॉ_पळस

ताई, हा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन. ह्याला अकॅथिसिया म्हणतात. आजार वाढला समजून डोस वाढवणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि त्यानं तो त्रास आणखी वाढतो. 'मनात की पायात' हा प्रश्न प्रत्येकानं पाठ करावा.

पाळीचं: रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन आणि अमिसल्प्राइड प्रोलॅक्टिन सगळ्यात जास्त वाढवतात. ॲरिपिप्राझोल उलट कमी करते. पुरुषांतही लैंगिक तक्रारी होतात, ते सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. मांजराकाठ, भावाला एकट्यात विचारा.

बालाघाट

आमची गोष्ट वेगळी आहे. चुलतभाऊ ऊसतोडीला जातो, दसरा झाला की टोळीबरोबर सांगलीकडं, परत येतो उन्हाळ्याच्या तोंडावर. पालावर कुठली गोळी अन् कुठली वेळ? पहाटे फडात, रात्री ट्रॅक्टर भरायला. गोळीनं झोप येते म्हणून मुकादम शिव्या देतो, उचल घेतलेली असते. दरवर्षी मधेच गोळी बंद व्हायची अन् दरवर्षी कारखान्यावरून फोन यायचा, तुमचा माणूस बिघडला, न्या त्याला.

आता हॅलोपेरिडॉलचं डेपो इंजेक्शन, म्हणजे अंगात हळूहळू उतरणारी सुई, चालू आहे, चार आठवड्यांनी एकदा. जायच्या आधी इथं घेतो, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, पुढची तिकडच्या दवाखान्यात. सोबत त्याची बायको कोयत्याला असते, तिच्या मोबाईलवर तारीख लावून दिलीय. एक दोष आहे, थोडा आखडतो. पण हंगाम पूर्ण करून येतो.

फार पूर्वी त्याला पहिल्यांदा हॅलोपेरिडॉलची साधी सुई दिली होती तेव्हा संध्याकाळी मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर. म्हातारी म्हणाली अंगात आलं, लिंबू उतरवला. दवाखान्यात नेल्यावर फेनर्गनची सुई दिली अन् थोड्या वेळात सरळ. कुणाला असं झालं तर लिंबू नंतर, दवाखाना आधी.

मेडिकलवाला

डेपोत पण प्रकार आहेत. फ्लुफेनाझिन, हॅलोपेरिडॉल स्वस्त. पॅलिपेरिडोन महिन्याला एकदा, आखडणं कमी, पण किंमत ऐकून माणूस परत जातो. रिस्पेरिडोनचं पंधरा दिवसांचं जुनं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही, मी ते मागवतच नाही.

डॉ_पळस

बालाघाट यांच्या उदाहरणात सगळं आलं. गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत किती फरक पडतो? २०१२ साली लॅन्सेटमध्येच ६५ चाचण्या एकत्र करून पाहिलं होतं. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना. म्हणजे थोडी कमी प्रतीची पण टिकणारी गोळी, उत्तम पण अर्धवट सोडलेल्या गोळीपेक्षा बरी. डेपो देण्याआधी मात्र तेच औषध तोंडानं देऊन सोसतंय का ते पाहायचं, कारण शरीरात गेलेलं महिन्याभराचं इंजेक्शन परत काढता येत नाही.

अण्णा_उदगीरकर

एवढं सगळं आहे तर त्या क्लोझापिनलाच सगळ्यांना का देत नाहीत? आधी भारी म्हणता, मग घाबरवता.

मास्तर_परभणी

अण्णा, ह्याचं उत्तर मी देतो. मुलगा क्लोझापिनवर आहे. त्याआधी दोन औषधं पूर्ण डोसात, पूर्ण मुदत देऊन झाली होती, फरक नाही. पंख्यातून त्याला आवाज यायचे म्हणून ऐन मे महिन्यात आम्ही पंखा बंद ठेवून झोपायचो.

क्लोझापिननं पंखा सुरू झाला. एवढं एक सांगितलं की पुरे. पण त्याची किंमत ऐका. सुरुवात साडेबारा मिलिग्रॅमनं, मग पायरी पायरीनं वर. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, मग हळूहळू अंतर वाढतं. पांढऱ्या पेशी एकदम कमी होण्याचा धोका असतो म्हणून. १९७५ साली फिनलंडमध्ये ह्यानंच रुग्ण दगावले होते आणि औषध बऱ्याच ठिकाणी मागं घेतलं गेलं. मग १९८८ साली अमेरिकेत केन यांचा अभ्यास आला. कशालाच दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिननं सुधारले, क्लोरप्रोमाझिननं फक्त ४ टक्के. तेव्हा ती परत आली, रक्ताच्या अटीवर. मी विज्ञान शिकवायचो, म्हणून हे सगळं वाचून काढलं. वाचल्याशिवाय सही करवत नव्हती.

रोजचा त्रास वेगळाच. रात्री लाळ इतकी की उशीवर टॉवेल टाकावा लागतो. बद्धकोष्ठ. हे हसण्यावारी नेऊ नका, क्लोझापिनमधलं बद्धकोष्ठ जीवावर बेतू शकतं. इसबगोल आहे, पण त्याबरोबर पाणी भरपूर पोटात जायला पाहिजे. आमच्याकडं टँकरच्या दिवसांत पोरगा पाणी कमी प्यायचा, तेव्हा डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं.

आणि बिडी. मुलगा बिड्या ओढायचा. बहिणीनं शपथ घातली म्हणून एकदम सोडल्या, सगळे खूश. आठवड्यात पोरगा दिवसभर पेंगायला लागला, बोलताना जीभ अडखळायची. डॉक्टरांनी विचारलं, 'बिडी सोडली का?' मी चकितच झालो. धुरामुळं लिव्हर हे औषध लवकर संपवतं, धूर थांबला की तेवढ्याच गोळीत रक्तातलं प्रमाण चढतं. डोस कमी केल्यावर ठीक.

ज्वारीचं_कणीस

मास्तर, मग तंबाखू खाणाऱ्यांचं काय? आमच्याकडं बिडीपेक्षा चुना-तंबाखूच जास्त.

डॉ_पळस

चांगला प्रश्न. परिणाम धुरातल्या घटकांचा आहे, निकोटिनचा नाही. तंबाखू किंवा गुटखा खाल्ल्यानं क्लोझापिनची पातळी अशी घसरत नाही. तोंडाचा कॅन्सर होतो तो वेगळा. ओलान्झापिनलाही बिडीचा हाच नियम, जरा सौम्य.

मास्तरांच्या प्रतिसादात एक भर. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त खंडली तर पूर्वीच्याच डोसवर परत सुरू करायची नाही. पुन्हा साडेबारापासून. लग्नाला गेलो, गोळ्या घरी राहिल्या, आल्यावर पूर्ण डोस घेतला आणि चक्कर येऊन पडला, असे पेशंट येतात. ताप, घसा दुखणं आलं तर त्याच दिवशी रक्त. आणि अण्णा, आत्महत्येचे विचार कमी करण्यात क्लोझापिन ओलान्झापिनपेक्षा सरस आहे, हे २००३ सालच्या ९८० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. म्हणून घाबरवत नाही, उलट आम्ही ती फार उशिरा देतो अशी आमच्याच व्यवसायावर टीका आहे, आणि ती योग्य आहे. दोन औषधं नीट वापरून उपयोग नसेल तर वर्षानुवर्षं थांबू नये. मांजराकाठ यांच्या भावाला मात्र पहिल्याच औषधानं आराम पडलाय. त्याला ह्या घडीला क्लोझापिनची गरज नाही.

मांजराकाठ

हे कळलं, मोठं ओझं उतरलं. आता एक अवघड विचारतो. भाऊ मधेमधे गोळी थुंकतो. कुणीतरी आईला सांगितलंय की रिस्पेरिडोनचे थेंब मिळतात, ते चहात घालून द्यायचे, त्याला कळतही नाही.

गोदावरीची_लेक

दादा, नका देऊ. मला माझ्या आईनं भाजीतून दिल्या होत्या. मला आधीच वाटायचं की जेवणात काहीतरी घालतात. अन् ते खरं निघालं! नंतर किती दिवस मी घरचं अन्न खाल्लं नाही, स्वतः खिचडी शिजवायची. थुंकतो तर का थुंकतो ते विचारा. आखडल्यामुळंच असेल.

डॉ_पळस

ताईंशी शंभर टक्के सहमत. वर एक तांत्रिक बाब, रिस्पेरिडोनचे थेंब चहात चालतच नाहीत, औषधाच्या माहितीपत्रकातच चहा आणि कोला नको असं असतं. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस, कमी सायीचं दूध चालतं. तेही त्याला सांगून.

ज्वारीचं_कणीस

माहितीत भर. बहिणीला लुरासिडोन आहे. ती जेवणाबरोबरच घ्यायची असते, किमान ३५० कॅलरी पोटात पाहिजेत, नाहीतर साधारण निम्मीच अंगी लागते. तिनं नवरात्रात नऊ दिवस उपवास धरला, रात्री फक्त दूध-केळं आणि गोळी. सहाव्या-सातव्या माळेला रात्रभर जागी. आता डॉक्टरांनी सांगितलंय, उपवास करायचा तर साबुदाणा-शेंगदाण्याचं पोटभर खाऊन त्यावर गोळी. तुळजाभवानी समजून घेईल.

डॉ_पळस

उन्हाळ्याचंही सांगून ठेवतो, आपल्याकडं ४२-४३ अंश काही नवीन नाही. ही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. ट्रायहेक्सिफेनिडिलनं घाम कमी येतो. दोन्ही चालू असताना दुपारी शेतात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. ताप, अंग कडक, घामाघूम आणि बरळणं असं एकत्र दिसलं तर ऊन लागलं म्हणून कांदा फोडत बसू नका. औषधाचाच एक दुर्मीळ पण जीवघेणा त्रास असतो, तातडीनं दवाखाना.

मास्तर_परभणी

प्रमाणपत्राचं कुणी लिहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. मूल्यमापन ४० टक्के किंवा वर आलं तर सवलती मिळतात, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. आम्हाला जिल्ह्याला हेलपाटे पडले, पण मिळालं. आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात. राज्याची जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यातल्या माणसाला चारही लांब, म्हणून ह्या फोनचं महत्त्व.

अण्णा_उदगीरकर

२०२४ मध्ये अमेरिकेत नवीन औषध आलं म्हणे, डोपामिनला हात न लावणारं. ते का नाही सांगत?

डॉ_पळस

अण्णा, तुम्ही वाचता की! झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियमची जोडगोळी, सप्टेंबर २०२४ मध्ये तिथं मंजूर झाली. डोपामिनच्या नाही, मस्कॅरिनिक नावाच्या वेगळ्या रिसेप्टरवर काम करते, त्यामुळं आखडणं आणि वजनाचा त्रास कमी दिसतो, मळमळ-उलटी होते. नवं आहे, दहा वर्षांचा अनुभव कुणाकडंच नाही. केजच्या पोराचा प्रश्न आजचा आहे.

मांजराकाठ

काल भावाला एकट्याला बसवून विचारलं. तुला ह्या गोळीचं काय नको वाटतं? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हात. इलेक्ट्रोड धरता येत नाही, टाका सरळ जात नाही, म्हणून गॅरेजवाल्यानं परत पाठवलं. मला माहीतच नव्हतं की हा गॅरेजवर जाऊन आला. वजन वाढलं तर चालेल म्हणतो, झोप पण चालेल, पण हात स्थिर पाहिजेत. आमच्या वडिलांना साखर आहे, तेही डॉक्टरांना सांगणार आहे.

डॉ_पळस

मग हे जसंच्या तसं एका कागदावर लिहून न्या: हात स्थिर पाहिजेत, वडिलांना मधुमेह, पहिल्या औषधानं भास गेले, मधेमधे थुंकतो. रांगेत दोन मिनिटं मिळाली तरी पुरतात. वडिलांच्या साखरेमुळं ओलान्झापिनबद्दल डॉक्टर दोनदा विचार करतील. ॲरिपिप्राझोल निघाली तर गोदावरीच्या ताईंचा प्रतिसाद परत वाचा, पायांकडं लक्ष ठेवा. आणि नवी सुरू झाली म्हणून जुनी त्याच दिवशी बंद करायची नाही, एक उतरवत दुसरी चढवतात, त्याचं वेळापत्रक लिहून मागा.

मेडिकलवाला

आणि ते वेळापत्रक दुकानात दाखवा. जुनी-नवी दोन्ही गोळ्या पांढऱ्याच असतात, मी पाकिटावर सकाळ-रात्र लिहून देतो.